मीटर हलविण्यापूर्वी

जुन्या घराची डागडुजी काढावयाची असे एकदा ठरले, म्हणजे घरात ज्या विषयांचा खल होतो त्यांची यादी आपल्या भागात बहुधा ठरीव असते : कवेलू उतरवून स्लॅब टाकावयाचा की टिनांवर निभावून न्यावयाचे, पुढची मातीची भिंत पाडून विटांची उभारावयाची की तिलाच गिलावा द्यावयाचा, सागवानी चौकट ठेवावयाची की मोडीत काढावयाची, आणि काम अक्षय्यतृतीयेच्या आधी सुरू करावयाचे की नंतर. या सगळ्या खलात, पुढच्या भिंतीवर दाराच्या डाव्या अंगाला वर्षानुवर्षे तांबडा दिवा लुकलुकवीत बसलेल्या विजेच्या मीटरची आठवण कोणालाही होत नाही. ती होते भिंतीवर पहिली पहार पडते त्या सकाळी, मजूर हजर झालेले असतात, त्यांचा रोज सुरू झालेला असतो, आणि घरधन्याजवळ विचार करावयास अर्धा तासही उरलेला नसतो.

आमच्या यवतमाळातल्या घरी तीन वर्षांपूर्वी हेच घडले. मिस्त्री म्हणाला, "काका, हे मीटर फळीसकट काढून सपरीच्या खांबाला बांधून ठेवू का? चार दिवसांचं तर काम आहे." मी मान हलविली. चार दिवसांचे अकरा दिवस झाले, मध्ये वैशाखातला अवकाळी पाऊस वाऱ्यासकट येऊन गेला, आणि बाराव्या दिवशी मीटर नव्या भिंतीवर लागले तेव्हा त्याच्या काचेच्या आतल्या अंगाला दव धरलेले होते व ज्या सुतळीने ते खांबाला आवळले होते तिने घासून एका सीलची बारीक तार तुटलेली होती. पुढच्या महिन्यात वाचनासाठी आलेल्या मुलाने ते पाहून वर कळविले, त्यानंतर तपासणीस आलेल्या तंत्रज्ञाने शांतपणे विचारले, "काका, या सीलची तार कशानं तुटली?" या प्रश्नास माझ्याजवळ खरे उत्तर होते, पण ते शाबीत करावयास कागदाचा एक चिटोराही नव्हता. मीटर प्रयोगशाळेत गेले, आतील यंत्रणेस कोणी हात लावलेला नाही असा निष्कर्ष निघाला, नव्या मीटरची किंमत आम्ही भरली आणि प्रकरण मिटले. चूक सर्वस्वी आमची होती. परंतु निकाल येईपर्यंतच्या दिवसांत चोरीचा संशय दाराशी उभा असल्याची जी बोच घरातल्या वडीलधाऱ्यांना लागली ती मी विसरलेलो नाही, आणि इतर कोणाच्या घरी ती लागू नये याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, मीटर आपल्या भिंतीवर असले तरी ते आपल्या भिंतीचे नव्हे. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि मीटर ही वीज पुरविणाऱ्याच्या ताब्यातली, मीटरच्या पुढची मेन स्विचपासूनची सारी वायरिंग आपली, आणि या दोन मालकींच्या मधोमध मीटर उभे आहे. शेतकरी वाचकांना हे एका शब्दात समजेल : मीटर हा धुरा आहे. दोन शेतांमधला धुरा शेजाऱ्याला न विचारता, भूमापकाला न बोलावता, केवळ नांगर वळवायला सोयीचे जावे म्हणून कोणी सरकवू लागला तर त्याचा हेतू कितीही निर्मळ असो, तंटा उभा राहावयाचाच. जुनी माणसे अजूनही "बोर्ड" म्हणतात, कारण 20 जून 1960 रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे नाव त्यांच्या जिभेवर बसलेले आहे. त्या मंडळाचे 6 जून 2005 रोजी विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले, आणि आपला जिल्हा त्या कंपनीच्या अमरावती परिमंडळातील यवतमाळ मंडळात मोडतो. वणीच्या परिसरातल्या खाणींतून निघालेला कोळसा जळून जी वीज होते ती कितीतरी उपकेंद्रांतून फिरून पुन्हा आपल्याच जिल्ह्यातल्या ओसरीवर येते, आणि आपल्या घरापुरती तिची मोजदाद होण्याचे ठिकाण म्हणजे ही टीचभर पेटी.

कायद्याची भाषा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. विद्युत अधिनियम, 2003 याच्या कलम 138 प्रमाणे पुरवठादाराच्या तारेस मीटर अनधिकृतपणे जोडणे अथवा तिच्यापासून तोडणे हा अपराध असून त्यास 3 वर्षांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि अपराध चालू राहिल्यास दररोज 500 रुपयांपर्यंत वाढीव दंड. वीजचोरीचे कलम 135 याहून वेगळे आहे. त्यात हेतू अप्रामाणिक असावा लागतो. तथापि सील तुटलेले सापडल्यावर आपला हेतू काय होता हे सांगत बसण्याची पाळी आपल्यावर येते, आणि गवंड्याच्या सोयीसाठी ती पाळी ओढवून घेण्यात काडीचेही शहाणपण नाही. मुंबई-पुण्याकडे ज्यांच्या घरी नळाने गॅस येतो त्यांनाही स्वयंपाकघर हलविताना हाच नियम पाळावा लागतो : तेथील गॅसचे मीटर व त्यामागची नळी ही गॅस कंपनीची, ती कंपनीच्या माणसानेच सोडवावयाची, नळ जोडणाऱ्या कारागिराने नव्हे. आपल्याकडे बहुतेक चुली 14.2 किलोच्या सिलिंडरवर चालतात, तेव्हा मीटर म्हटले की विजेचेच डोळ्यांसमोर येते.

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळू. अर्ज केव्हा करावा, या प्रश्नाचे माझे उत्तर आहे : मिस्त्र्याला विसार देण्याच्या आधी. मीटर त्याच मिळकतीत एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविण्याचा अर्ज आपल्या उपविभागीय कार्यालयात अथवा महावितरणच्या संकेतस्थळावरून करता येतो. अर्जात 12 अंकी ग्राहक क्रमांक, सध्याची जागा, योजिलेली जागा आणि बांधकामाची अंदाजे तारीख स्पष्ट लिहावी व हाताने काढलेला का होईना पण एक साधा नकाशा जोडावा, ज्यात खांब कोठे आहे, वायर कोणत्या बाजूने येते, आणि मीटर जुन्या भिंतीवरून नव्या भिंतीवर किती फूट सरकणार हे दाखविलेले असेल. हा नकाशा कोणी मागत नाही. पण तो जोडलेला असला म्हणजे पाहणीस येणाऱ्या अभियंत्याला आपले म्हणणे दारात उभ्या उभ्या समजते, आणि नंतर "आम्हाला वाटले इकडे" असा घोटाळा होत नाही. पाहणीनंतर खर्चाचा आकडा निघतो, लोक त्याला डिमांड म्हणतात; तो रीतसर भरावा, पावती घ्यावी, आणि रोख रक्कम कोणाच्याही हातावर ठेवू नये, मग तो माणूस कितीही परिचयाचा असो.

कागदपत्रांत जी अडचण सर्वांत अधिक वेळा येते ती थकबाकीची नव्हे, नावाची. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांची बिले आजही कैलासवासी आजोबांच्या नावाने निघतात! बिल भरले जाते तोपर्यंत कोणाचे काही अडत नाही, पण मीटर हलविण्याचा अर्ज कोणाच्या सहीने करावयाचा हा प्रश्न आला की सगळे अडते. म्हणून डागडुजीचा विचार मनात येताच बिलावरचे नाव बदलून घ्यावे; त्यास मालकीचा पुरावा लागतो, आणि तो खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना 8, शहरात मालमत्ता कराची पावती किंवा अखीव पत्रिका, आणि नझूलच्या जागेवर घर असल्यास त्या दफ्तरातला उतारा, अशा रूपाने मिळतो. वारसांची नावे चढविण्याचा फेरफार अजून झालेलाच नसेल तर तो आधी करावा लागेल, आणि तेथे महिनेही जातात. भाडेकरूने अर्ज करावयाचा असल्यास मालकाचा ना-हरकत दाखला हवा. भाऊवाटणीत घराचे दोन भाग झाले असून धाकट्याचे मीटर थोरल्याच्या ओसरीवर राहिले असेल, आणि अशी घरे पुसदपासून वणीपर्यंत कोणत्याही गल्लीत सापडतील, तर दोघांनी एका कागदावर सह्या करून वायर कोणाच्या भिंतीवरून जाणार हे आधीच लिहून ठेवावे. भाऊ आज एका ताटात जेवतात म्हणून हा कागद टाळू नये, कारण वायर त्यांच्या मुलांच्या काळातही तेथेच असणार आहे.

जागेची निवड हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे आणि येथे घाई करू नये. मीटर बाहेरून, घराचे दार न उघडता वाचता आले पाहिजे, आणि त्याचे अंक उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीस असावेत. ज्या घरांत मीटर कुलपाच्या आत असते तेथे घरातली माणसे शेतावर किंवा परगावी गेलेली असताना वाचन होत नाही, बिलावर लॉक्ड असा शेरा पडतो, सरासरीने आकारणी होते, आणि पुढे वाचन मिळाल्यावर साचलेले युनिट एकदम अंगावर येतात. इतके झाल्यावर ऊन आणि पाणी या दोन शत्रूंचा विचार. आपल्याकडचा चैत्र-वैशाख ज्याने सोसला आहे त्यास सांगावयास नको की पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीननंतर हात ठेवता येत नाही; अशा भिंतीवर उघडे मीटर टांगले तर त्याच्या पडद्यावरचे अंक काळपट पडत जातात आणि प्लॅस्टिकचे झाकण ठिसूळ होते. पावसाचा मारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून, म्हणजे तीच भिंत पुन्हा वाईट. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत, तिच्यावर निदान दोन फूट पुढे आलेला छज्जा, आणि वर न्हाणीघर, संडासची नळी किंवा टाकीचे सांडपाणी नाही, अशी जागा मिळाली तर ती सोडू नये. जिन्याखालची पोकळी सर्वांना मोहात पाडते, कारण ती फुकट वाटते; तेथे हवा खेळत नाही, केरसुणी-फावडी ठेवली जातात, आणि एखाद्या दिवशी ठिणगी पडली तर वरच्या माणसांचा उतरण्याचा मार्गच बंद होतो.

सिलिंडरच्या कोनाड्याजवळही मीटर अथवा मेन स्विच आणू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो वर जाऊन खिडकीने निघून न जाता जमिनीलगत साचतो, पसरतो आणि ठिणगीची वाट पाहत बसतो. खटका दाबताना होणारी डोळ्यांना न दिसणारी ठिणगीही त्याला पुरते. गॅसचा वास आला तर विजेच्या कोणत्याही बटनाला हात न लावता, चालू ते चालू आणि बंद ते बंद ठेवून, रेग्युलेटर फिरवावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर कळवावे. नव्या नकाशात स्वयंपाकघर पुढे आणि बैठक मागे अशी अदलाबदल करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी, कारण जुने मीटर जागच्या जागी राहते आणि सिलिंडरच त्याच्या पायाशी येऊन बसतो.

मग कामाचा क्रम. नवी जागा पूर्णपणे तयार झाल्याशिवाय जुनी भिंत पाडावयाची नाही. नवी भिंत उभी राहावी, गिलावा वाळावा, मीटरची पेटी ज्या फळीवर बसावयाची ती पक्की व्हावी, मेन स्विच, एमसीबी आणि अर्थिंग जोडून व्हावे, परवानाधारक विद्युत ठेकेदाराने वायरिंग तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करावी, आणि त्यानंतर महावितरणच्या माणसांनी येऊन एका दुपारी मीटर व वायर इकडून तिकडे न्यावी. ओल्या गिलाव्यावर घाईने लावलेले मीटर महिनाभर चुन्या-सिमेंटची वाफ पीत राहते. जागेच्या तंगीमुळे आधी जुनी भिंत पाडणे अटळच असेल, तर तसे अर्जात लिहून, मीटर आधी मागच्या एखाद्या उभ्या राहणाऱ्या भिंतीवर आणि काम संपल्यावर पुढे, अशा दोन्ही हलविण्यांची मंजुरी एकदमच मागावी. खर्च अधिक येईल, पण सपरीच्या खांबाला सुतळीने बांधण्यापेक्षा तो खर्च मला आज फार स्वस्त वाटतो. पावसाळ्यात हे काम काढू नये. वादळवाऱ्याने पडलेल्या खांबांमागे लाइनमन रात्रंदिवस फिरत असतात, आणि आपल्या मीटरसाठी त्यांना बोलाविणे आपल्यालाही बरे वाटत नाही. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम.

वायरीची लांबी वाढली की तिचा झोल वाढतो, हे लक्षात ठेवून खांबापासून नव्या जागेपर्यंतचा मार्ग सरळ आणि उंच ठेवावा. वायर ज्या नळीतून घरात शिरते त्या नळीचे तोंड खाली वळलेले असावे, आणि शिरण्यापूर्वी वायरीने थोडे खाली उतरून मग वर चढावे, म्हणजे वायरीवरून ओघळत येणारे पावसाचे पाणी त्या खालच्या वळणावर टपकून जाते आणि मीटरमध्ये उतरत नाही. टीचभर वळणाची ही युक्ती जुने लाइनमन न सांगता करीत. आज घाईत ती राहून जाते, तेव्हा आपण शेजारी उभे राहून आठवण द्यावी.

स्लॅब टाकून घर उंच होणार असेल तर अंतरांचा हिशेब अगदी अपरिहार्य आहे. लघुदाबाची तार सपाट छतावरून जात असेल तर छताच्या सर्वांत उंच भागापासून ती निदान 2.5 मीटर वर हवी, आणि भिंतीशेजारून जात असेल तर आडवे अंतर निदान 1.2 मीटर, 11 केव्हीच्या तारेसाठी उभे अंतर 3.7 मीटर लागते. खेडोपाडी कवेलूच्या घरावरून शांतपणे गेलेली तार घर एक माळा चढले की गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या सुनेच्या हाताला लागेल इतकी खाली येते, आणि घर आधी बांधून तार मागाहून हलवा म्हणणाऱ्याच्या पदरी खर्च आणि विलंब हे दोन्ही पडतात. परांची बांधणाऱ्या मजुरांच्या हातातली लोखंडी सळई उभी होताना काय होऊ शकते, हे मी येथे लिहिण्याची गरज नाही. तार जवळ असेल तर कामाआधी वीज कार्यालयास लेखी कळवावे.

अर्थिंगविषयी मला अधिक विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण मीटर हलविताना सर्वांत अधिक दुर्लक्ष तेथे होते आणि माणसे तेथेच दगावतात. जुन्या घरात अर्थिंगची तार बहुधा जुन्या भिंतीच्या पायाशी गेलेली असते. भिंत पाडली की ती तुटते, राबिटात भरून जाते, आणि नव्या बोर्डावर हिरवी वायर जोडलेली दिसते खरी, पण तिचे दुसरे टोक कोठेही गेलेले नसते. ते नव्याने, घराच्या पायापासून निदान दीड मीटर दूर, खड्डा खणून न्यावे. 60 सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद अशी जस्ताचा मुलामा दिलेली पत्री वापरली तर तिची वरची कड जमिनीखाली निदान दीड मीटर असावी. नळी वापरली तर ती निदान अडीच मीटर लांब असावी. यवतमाळ शहराच्या कित्येक भागांत दोन-तीन फुटांखाली मुरूम आणि खडक लागतो व खणणारा तेथेच थांबू पाहतो; त्याला थांबू देऊ नये, जागा बदलावी. उलट काळ्या मातीत खणणे सोपे, पण तीच माती वैशाखात फुटून तिच्या भेगांत हात जातो, आणि पत्रीभोवतीची ओल नाहीशी होऊन अर्थिंग निकामी होते. म्हणून खड्ड्यावर झाकणाचे लहान तोंड ठेवून उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी घालण्याचा परिपाठ ठेवावा. पाण्याच्या नळाला अर्थिंग जोडणे तर कटाक्षाने टाळावे : गल्लीतले नळ आता प्लॅस्टिकचे झालेले आहेत, आणि लोखंडी असले तरी ते धक्क्याची धास्ती शेजाऱ्याच्या घरी पाठविण्यासारखे आहे.

विदर्भातल्या प्रत्येक उन्हाळ्यात कूलरचा धक्का बसून कोणीतरी गेल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. बहुधा एखादे लेकरू, किंवा टाकीत पाणी ओतणारी बाई, हात ओले आणि पाय ओल्या फरशीवर. कूलरचे लोखंडी अंग, त्यात पाणी, त्यात बुडालेला पंप आणि घासून उघडी पडलेली एखादी वायर, यांतून निघालेला प्रवाह नेहमीच्या फ्यूजला किंवा एमसीबीला कळतच नाही, कारण त्यांना खूप मोठा प्रवाह लागतो आणि माणसाच्या हृदयाची गती बिघडवावयास अँपिअरचा अगदी लहान अंश पुरतो. हे ओळखणारे साधन निराळे. दुकानात त्याला आरसीसीबी म्हणतात, जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो की नाही हे ते सतत ताडून पाहते आणि 30 मिलिअँपिअरचा फरक पडताच क्षणार्धात पुरवठा तोडते. मीटर हलतेच आहे, नवी पेटी बसतेच आहे, तर हे साधन त्याच दिवशी बसवावे. घराच्या डागडुजीवर जो एकूण खर्च होतो त्यात त्याची किंमत एका खिडकीच्या जाळीइतकीही नसते. बसविल्यावर त्याचे चाचणीचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते दाबल्यावर दिवे गेले तर साधन जिवंत आहे. कूलर मात्र खिडकीत मीटरच्या शेजारी येईल असा कधीही ठेवू नये, कारण त्याच्या जाळीतून उडणारे तुषार दिवसभर पेटीवर बसतात.

अनेकांना न उमगणारी एक बाब येथेच सांगतो. आजकालचे मीटर फेजमधला आणि न्यूट्रलमधला असे दोन्ही प्रवाह मोजते आणि त्यांतला जो अधिक असेल त्यावर युनिट धरते. दोन भावांच्या दोन मीटरांची वायरिंग नव्या घरात करताना कारागिराने एकाचा न्यूट्रल दुसऱ्याच्या पट्टीवर टेकविला, किंवा न्यूट्रल आणि अर्थ कोठेतरी एकत्र केला, तर दोन्ही मीटरवर गळतीची खूण पेटलेली दिसते आणि प्रत्यक्ष वापरापेक्षा अधिक युनिट पडू लागतात. मग घरात "मीटर पळते आहे" अशी तक्रार सुरू होते आणि दोष बिचाऱ्या मीटरवर जातो. नवे मीटर लागल्या दिवशीच घरातली सगळी उपकरणे बंद करून पाहावे : युनिटांचा तांबडा दिवा लुकलुकावयाचा थांबला पाहिजे. थांबला नाही, तर वायरिंगमध्ये गळती किंवा मिसळ आहे असे समजून ठेकेदाराला त्याच दिवशी परत बोलवावे, त्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी. तसेच दिवे मधूनच फार प्रखर आणि मधूनच मंद होऊ लागले तर न्यूट्रल सैल आहे. मेन बंद करून तक्रार नोंदवावी, फ्रीज जळण्याची वाट पाहू नये.

बांधकामासाठी वेगळी तात्पुरती जोडणी घ्यावी लागते काय, ही शंका पुष्कळांना असते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर-आदेशांत घरगुती ग्राहकास अशी मोकळीक दिलेली आढळते की, महिन्याचा वापर 500 युनिटांपर्यंत असेल तर आपल्या चालू घराच्या बांधकामास अथवा डागडुजीस त्याला निराळ्या जोडणीची आवश्यकता नाही आणि आकारणी घरगुती दरानेच होते. मात्र फरशी घासण्याचे यंत्र, वेल्डिंग आणि पाण्याची मोटर ही सगळी एकाच जुन्या वायरीवर महिनाभर चालविली म्हणजे ती मर्यादा केव्हा ओलांडली जाईल हे कळणार नाही, म्हणून दर आठवड्याला मीटरचे वाचन भिंतीवर खडूने लिहीत जावे. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर नवे घर बांधताना याच मीटरवरून वायर ओढली तर ही मोकळीक लागू होत नाही. पुढे छतावर सौर पॅनेल बसविण्याचा मानस असेल, 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेमुळे आपल्याकडेही अनेकांचा तो आहे, तर पेटीजवळ आणखी एका मीटरपुरती मोकळी भिंत आणि छतापर्यंत जाणारी एक रिकामी नळी आताच ठेवावी. नवा गिलावा वर्षभरात पुन्हा फोडण्यासारखे जिवावर येणारे काम दुसरे नाही.

मीटर हलविण्याच्या दिवशी घरातले एक जबाबदार माणूस दिवसभर हजर असावे. जुन्या जागी मीटर असतानाच त्याच्या अंकांचे, मीटर क्रमांकाचे आणि प्रत्येक सीलचे जवळून छायाचित्र काढावे, आणि नव्या जागी लागल्यावर पुन्हा तेच करावे; मोबाइलमध्ये तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते आणि माझ्याजवळ जो चिटोरा नव्हता तो आपल्याजवळ राहतो. काम करणाऱ्याने दिलेल्या अहवालावर वाचन, जुन्या-नव्या सीलांचे क्रमांक आणि तारीख लिहिलेली आहे हे पाहूनच सही करावी. मीटर तेच न राहता बदलले गेले असेल तर जुन्याचे अखेरचे वाचन आणि नव्याचे आरंभीचे वाचन ही दोन्ही त्यात असलीच पाहिजेत. गवंडी राहिलेला गिलावा भरताना पेटीच्या कडेपर्यंत सिमेंट आणतो आणि खालचा स्क्रू बुजवून टाकतो. त्याला दोन बोटे जागा सोडावयास सांगावे, नाही तर पुढे दुरुस्तीच्या वेळी छिन्नी लावावी लागते आणि सील पुन्हा धोक्यात येते.

अर्ज करून, पैसे भरूनही काम रखडले तर प्रथम 1912 वर किंवा 1800-212-3435 या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा, मग उपविभागीय कार्यालयात लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. त्यानेही समाधान न झाल्यास विद्युत अधिनियमाच्या कलम 42 खाली स्थापन झालेल्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते, आणि मंचाचा निर्णय मान्य नसल्यास नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे. तेथे मोठ्या आवाजाला किंमत नाही. तारीखवार लावलेल्या कागदांना आहे, आणि वकील नसला तरी ग्राहकाला आपले म्हणणे स्वतः मांडता येते.

पुढचे बिल आले की त्यावरचे मागील वाचन आपल्या छायाचित्रातल्या अंकांशी ताडून पाहावे, आणि वाचन घेणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यात दारात गाठून नवी जागा दाखवावी. तो पूर्वी दाराच्या डाव्या अंगाला पाहत असे. तेथे आता कोरी भिंत आहे, आणि मीटर सापडले नाही म्हणून तो सरासरीचा शेरा मारून पुढच्या घरी निघून जाईल. पेटीखाली ऑइलपेंटने ग्राहक क्रमांक ठळक लिहून ठेवला तर त्याचेही काम सोपे होते, आणि अंधारात लाइट गेल्यावर फोनवर क्रमांक सांगणाऱ्या आपल्याही घरच्यांचे.